उंदराच्या मेंदूतले रिसेप्टर एकेक करून मोजताना

गेली दोन वर्षं काय करतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, मोजते. उंदराच्या मेंदूतले निकोटीनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निकोटीन धरणारी प्रथिनं मोजते, आणि ते किती आहेत हे नाही, तर एकेका रिसेप्टरमध्ये कुठला तुकडा किती वेळा बसलाय ते मोजते. बरेच जण इथेच विषय बदलतात. ज्यांना पुढचं ऐकायचंय त्यांच्यासाठी हे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा प्रत्यक्ष करताना काय काय होतं हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, पेपरमध्ये मेथड्सचे दोन परिच्छेद असतात आणि ते वाचून वाटतं की सगळ्यांना सगळं पहिल्या फटक्यात जमतं.

आमचं गाव कागल तालुक्यात, निपाणी जवळच, म्हणजे तंबाखूच्या पट्ट्यातलं. आजी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि तो ठसका अख्ख्या घराला लागायचा. सकाळी उठल्या उठल्या आधी मशेरी, मग चूळ, मग चहा, मग माणसांशी बोलणं. "आजपास्नं सोडलीच बघ" असं ती कितीदा म्हणाली असेल आणि संध्याकाळी परत डबी हातात. मला लहानपणी वाटायचं आजीचा निश्चय कच्चा आहे. एमएस्सीला आल्यावर वाचलं की १९८८ साली सिगरेट ओढणाऱ्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तेव्हा निकोटीन धरणाऱ्या जागा न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघाल्या. जास्त! एरवी एखादा रिसेप्टर सारखा डिवचला की पेशी त्यांची संख्या कमी करते, इथे उलटं. ते वाचताना मला आजीची डबीच दिसली, आणि इतकी वर्षं तिच्याबद्दल जे मनात धरलं होतं त्याचं वाईट वाटलं. तिथून सुरू झालं ते आता अमेरिकेत एका विद्यापीठात पोस्टडॉक करतेय तिथपर्यंत.

तर हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पटलात बसवलेलं एक दार समजा, पाच तुकडे गोलाकार उभे आणि मधे भोक. मेंदूत जो निकोटीनला सगळ्यात जास्त दाद देतो त्यात दोन जातीचे तुकडे असतात, अल्फा-४ आणि बीटा-२. पाचात कोण किती यावरून त्याच्या दोन तऱ्हा होतात. दोन अल्फा तीन बीटा असतील तर अगदी थोड्या असिटिलकोलीनला (मेंदूचं स्वतःचं निरोप नेणारं रसायन, निकोटीन त्याचीच जागा घेतं) दार उघडतं, तीन अल्फा दोन बीटा असतील तर साधारण शंभरपट जास्त लागतं. एका तुकड्याची अदलाबदल आणि एवढा फरक. २०१८ मध्ये क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने दोन्ही तऱ्हांची रचना दिसली, त्यामुळे दोन तऱ्हा आहेत का हा प्रश्न उरला नाही. निकोटीनचं वैशिष्ट्य असं की ते पटल ओलांडून पेशीच्या आत जातं, शाळेत आपण आंतर्द्रव्यजालिका म्हणून शिकलो (आम्ही लॅबमध्ये ईआर म्हणतो) तिथे पोचतं, आणि हे पाच तुकडे जिथे एकत्र जोडले जातात तिथेच जोडणीला हात लावतं, आणि तोल पहिल्या तऱ्हेकडे, म्हणजे लवकर उघडणाऱ्या दाराकडे झुकतो.

पण यातलं बरंचसं डिशमध्ये वाढवलेल्या पेशींमधून कळलेलं. त्या पेशींना अल्फा आणि बीटाचे जीन आपणच देतो, अल्फाचा डीएनए जास्त ओतला की अल्फावाले रिसेप्टर जास्त, म्हणजे उत्तरात आपलाच हात मिसळलेला असतो. खऱ्या मेंदूत थॅलॅमस नावाच्या मधल्या भागातला न्यूरॉन स्वतःच्या हिशोबाने काय जोडतो ते बघायचं तर मेंदूच घ्यायला लागतो. माझं सगळं काम या एका वाक्यासाठी आहे.

आता मोजायचं कसं. रिसेप्टर दहाएक नॅनोमीटरचा आणि साध्या प्रकाशाने दोनशे-अडीचशे नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही, त्यामुळे पाचही तुकडे मिळून एकच ठिपका. इथे मला गावचं माळवद आठवतं. रात्री गच्चीवरून लांबची वस्ती बघितली की घरं वेगळी दिसत नाहीत, एकच उजेडाचा पुंजका दिसतो. पण झोपायच्या वेळेला बघत बसलात तर एकेक दिवा बंद होतो आणि पुंजका टप्प्याटप्प्याने मंद होतो, टप्पे मोजले की दिवे मोजले. आम्ही हेच करतो. उंदीर असे आहेत की त्यांच्या अल्फा-४ च्या जीनमध्येच जीएफपी जोडलेलं आहे, म्हणजे जेलीफिशमधून आलेलं ते हिरवं चमकणारं प्रथिन, ज्याला २००८ चं नोबेल मिळालं. प्रत्येक अल्फाला एक दिवा. त्यावर ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर मारत राहायचा, प्रत्येक जीएफपी काही सेकंद चमकतं आणि मग कायमचं विझतं, याला फोटोब्लीचिंग म्हणतात. उजेडाचा आलेख काढला की जिन्याच्या पायऱ्यांसारखा खाली येतो. दोन पायऱ्या म्हणजे दोन अल्फा, तीन पायऱ्या म्हणजे तीन. ही युक्ती २००७ मध्ये बर्कलीच्या उल्ब्रिच आणि इसाकॉफ यांनी बेडकाच्या अंडपेशींवर करून दाखवली होती.

पण प्रत्येक दिवा लागतोच असं नाही. जीएफपी नीट घडी पडून पिकावं लागतं आणि साधारण ८० टक्केच चमकतात. वस्तीत काही घरांचे बल्ब आधीच गेलेले असतात तसं. त्यामुळे सगळे रिसेप्टर दोन अल्फांचेच असले तरी दिसणाऱ्या शंभर ठिपक्यांत ६७ दोन पायऱ्यांचे आणि ३३ एका पायरीचे येतात. सगळे तीन अल्फांचे असले तर ५१-५२ तीन पायऱ्यांचे, ३८-३९ दोनाचे आणि राहिलेले दहाएक एकाचे. म्हणजे एका ठिपक्याकडे बोट दाखवून हा अमुक तऱ्हेचा असं छातीठोक सांगताच येत नाही, शेकडो ठिपके जमवून त्यांची वाटणी कुठल्या मिश्रणाला जुळते ते बघायचं. सुरुवातीला मला याचा फार त्रास व्हायचा, एक रेणू डोळ्यांना दिसतोय आणि तरी त्याच्याबद्दल खात्रीने बोलता येत नाही.

प्रेपचा, म्हणजे मेंदूपासून नमुना तयार करायचा दिवस सकाळी सातला सुरू होतो. उंदराला पूर्ण भूल दिली जाते, मग थंड सलाइनने रक्त काढून टाकतात कारण रक्त पुढे घाण करतं, मग मेंदू. अख्खा मेंदू अर्ध्या ग्रॅमचाही नसतो. हे मी हलक्यात कधीच घेतलं नाही आणि घेणारही नाही. इथे प्रत्येक उंदराचा हिशोब एथिक्स कमिटीला द्यायचा असतो, किती, का, याहून कमीत भागेल का. पहिल्या वेळी माझे हात थरथरत होते आणि बॉस शेजारी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, घाई करू नकोस पण वायाही घालवू नकोस. म्हणून आम्ही एका मेंदूतून थॅलॅमस, कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पस, मिडब्रेन सगळं वेगळं काढून ठेवतो, बर्फावर, प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये, एकही तुकडा फेकत नाही.

मग नायट्रोजन कॅव्हिटेशन. ऊतीचा गर स्टीलच्या भांड्यात ठेवून नायट्रोजनचा दाब द्यायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि दाब एकदम सोडायचा. आत विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर पडतो, सोड्याच्या बाटलीसारखं, आणि पेशी फुटतात, पण पटलाचे तुकडे तसेच राहत नाहीत, आपोआप मिटून शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या बारीक पिशव्या होतात. रिसेप्टर त्या पिशवीच्या भिंतीत, स्वतःच्या मूळ पटलात, डिटर्जंटचा थेंबही न लावता. मला ही पायरी सगळ्यात आवडते. मग अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने तासभर फिरवायचं, आणि तळाला पिवळसर ठिपक्याएवढी गोळी.

ती गोळी काचेवर आणायची आणि माझे पहिले पाच महिने या काचेने खाल्ले. कव्हरस्लिप, म्हणजे ही पातळ काच, साध्या डोळ्याला लख्ख दिसते पण एक रेणू बघायचा म्हटलं की तिच्यावरचा धुळीचा कणसुद्धा सूर्यासारखा चमकतो. केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) सोनिकेट करा म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून धुवा, पाणी, परत केओएच, मग प्लाझ्मा, मग अमिनोसिलेन, मग त्यावर पेग नावाच्या पॉलिमरचा थर म्हणजे भलतंसलतं काही चिकटणार नाही, त्या पेगमधे मोजके बायोटिन, त्यावर बायोटिनला घट्ट धरणारं न्यूट्राव्हिडिन, त्यावर जीएफपीला धरणारी अँटिबॉडी. २०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अंकुर जैन आणि तेक्जिप हा वगैरे संशोधकांनी पेशीतून थेट असे एकेक रेणू काचेवर ओढून आणण्याची पद्धत काढली, त्यातलं बरंच आम्ही वापरतो. माझ्या काचांवर मात्र सगळंच चिकटत होतं. पेग बदललं, बफर बदलला, अँटिबॉडी बदलली. शेवटी कळलं की पेगची बाटली मी उणे वीसमधून काढून लगेच उघडत होते, थंड बाटलीत हवेतला ओलावा बसतो आणि ते रसायन काचेला धरायच्या आधीच पाण्याशी संपून जातं. बाटली अर्धा तास बाहेर ठेवून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, एवढंच. हे कुठल्याच मेथड्समध्ये लिहिलेलं नव्हतं म्हणून इथे मुद्दाम लिहितेय, कुणाचे तरी पाच महिने वाचतील.

काचा सुधारल्या आणि टर्फ मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा स्वच्छ काळं आकाश आणि त्यात हिरवे ठिपके. टर्फमध्ये लेझर इतका तिरका आत येतो की काचेवरून पूर्ण परततो, पलीकडे फक्त शंभर-दोनशे नॅनोमीटरचा उजेडाचा पातळ पापुद्रा राहतो, त्यामुळे काचेला टेकलेलंच तेवढं चमकतं. रात्रीचा स्लॉट होता, अंधारी खोली, कॅमेऱ्याचा पंखा घरघरतोय, १०० मिलिसेकंदाची एक फ्रेम अशा ५०० फ्रेम, आणि त्या पन्नास सेकंदात एकेक ठिपका विझत गेला. मी तीच फिल्म पाच-सहा वेळा बघितली. उंदराच्या थॅलॅमसमधला एक रेणू, त्या न्यूरॉनने स्वतः जोडलेला, माझ्यासमोर विझत होता.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने आमच्या मायक्रोस्कोप फॅसिलिटीवाल्यांना दाखवायला गेले, ते मूळचे नागपूरचे, मी त्यांना काका म्हणते. त्यांनी फिल्म शांतपणे पाहिली आणि विचारलं, "वाइल्ड टाइप टाकून पाह्यला का बाई तू?" वाइल्ड टाइप म्हणजे जीएफपी नसलेला साधा उंदीर. त्याची प्रेप केली तर काच काळी दिसायला पाहिजे. मी म्हटलं नाही काका, करणार आहे. ते म्हणाले, "तो आधी. मंग हे."

केलं. काच काळी नव्हती. ठिपके कमी होते पण होते, आणि बहुतेक सगळे एका पायरीत विझत होते, अगदी जीएफपीसारखे. मेंदूत स्वतःचाच उजेड असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, फ्लॅविन असतात, वय वाढेल तसं लिपोफ्युसिन नावाचा पिवळसर गाळ पेशीत साठतो, आणि हे सगळं नेमकं आपल्या निळ्या लेझरला हिरवट-पिवळं चमकतं. डिशमधल्या पेशींवर शिकलेल्या माणसाला हे जाणवत नाही. मी जे एका पायरीचे म्हणून मोजत होते त्यातला मोठा भाग रिसेप्टरच नव्हता. तोवरचे सगळे आकडे काढून टाकले. तेव्हापासून नियम केला, तरुण उंदीरच घ्यायचे, रक्त नीट धुवायचं, आणि प्रत्येक दिवशी त्याच दिवसाचा वाइल्ड टाइप काचेवरच्या शेजारच्या चॅनेलमध्ये (पट्ट्यात), तो फार चमकला तर त्या दिवसाचा डेटा घ्यायचाच नाही, कितीही सुंदर असला तरी.

तरीही एका पायरीचे जास्तच येत होते. ८० टक्क्यांच्या हिशोबात बसेनात. याचं उत्तर सापडलं ते कागदावर पिशवीचं चित्र काढताना. आमचं जीएफपी अल्फाच्या त्या वळणात आहे जे पेशीच्या आतल्या बाजूला असतं. बाहेरच्या पटलाची पिशवी सरळ मिटली तर जीएफपी पिशवीच्या आत अडकतं आणि अँटिबॉडीला सापडतच नाही, मोजा उलटा केल्यासारखी पिशवी उलटी झाली तरच सापडतं. पण ईआरच्या पिशव्यांची जीएफपीवाली बाजू मुळातच बाहेर असते, त्यांचं जीएफपी अँटिबॉडीला आयतं मिळतं. म्हणजे माझी काच ईआरचा माल जास्त पकडत होती, आणि ईआर म्हणजे तर जोडणीचा कारखाना, तिथे एकटे अल्फा, अर्धवट जुळलेल्या जोड्या सगळं पडलेलं. मी तयार दारं समजून अर्धी जुळलेली मोजत होते. हे कळलं त्या दिवशी निराश व्हायच्या ऐवजी मी खूप खूश झाले, कारण ही घाण नव्हती, हीच तर जोडणी होती! मग सुक्रोजच्या ग्रेडियंटवर ईआर आणि बाहेरचं पटल वेगळं केलं, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) ईआरची खूण असलेलं कॅलनेक्सिन कुठे आणि बाहेरच्या पटलाची खूण असलेलं सोडियम-पोटॅशियम एटीपीएज कुठे ते बघून खात्री केली, आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या काचांवर मोजायला लागले. बाहेरच्या पटलाच्या भागात एका पायरीचे खाली आले.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. उंदरांचे दोन गट होते, कातडीखाली बसवलेल्या छोट्या पंपातून दोन आठवडे एकाला सलाइन, एकाला निकोटीन. पायऱ्या मोजणं सॉफ्टवेअर करतं पण शेवटचा निर्णय आम्ही डोळ्यांनी घेतो, कारण जीएफपी मधेच मिटून परत उघडतं, कधी दोन एकदमच विझतात आणि दुप्पट उंचीची पायरी येते, असे आलेख बाजूला काढायला लागतात. मला तर पहिल्यापासून माहीत होतं की निकोटीनच्या गटात तीन पायऱ्यांचे कमी यायला हवेत. आले की! फरक ठसठशीत होता. मी बॉसना दाखवला, त्या खूश झाल्या, मीही. पण घरी जाताना बसमध्ये एक आलेख डोळ्यासमोरून जाईना. तसाच संशयास्पद, शेवटी एक बारीकशी पायरी असलेला. सलाइनच्या फोल्डरमध्ये मी त्याला तीन दिले होते आणि दुपारी निकोटीनच्या फोल्डरमध्ये तसल्याच एकाला दोन. मी खोटं काही केलं नव्हतं. दोन्ही वेळेला मला मनापासून तसंच दिसलं होतं. हेच जास्त भीतीदायक वाटलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमेटला सांगितलं की माझ्या सगळ्या फाइलींची नावं बदल, आकडे दे, यादी तुझ्याकडेच ठेव, मी मागितली तरी देऊ नकोस. तिने सलाइन, निकोटीन, वाइल्ड टाइप सगळं एकत्र कालवलं. मग मी पहिल्यापासून परत मोजायला बसले. सात आठवडे. तांदूळ निवडतात तसं, एकेक आलेख, ठेव, काढ, दोन, तीन, एक. कुठल्या उंदराचा ते माहीत नसल्यावर हात किती वेगळा चालतो हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही. संशयास्पद आलेख आला की आधी मी मनातल्या उत्तराकडे ढकलायचे, आता ढकलायला दिशाच नव्हती, म्हणून प्रामाणिकपणे बाजूला ठेवायला लागले. बाजूला ठेवलेल्यांचा ढीग पहिल्यापेक्षा खूप मोठा झाला. लॅबमेट रोज संध्याकाळी विचारायची किती राहिले, आणि यादीबद्दल चकार शब्द काढायची नाही.

यादी उघडली तो शुक्रवार होता. तिने वाचलं, मी भरत गेले. थॅलॅमसमध्ये बाहेरच्या पटलावर दोन्ही तऱ्हा होत्या, दोन अल्फांची जास्त, आणि निकोटीनच्या गटात तीन पायऱ्यांचे खरंच कमी होते. फरक माझ्या पहिल्या आकड्यांपेक्षा बराच लहान. पण प्रत्येक उंदरात होता, आणि ईआरच्या भागातही त्याच दिशेने होता. लॅबमेटने मला मिठी मारली. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. न्यूरॉन निकोटीनच्या संगतीत खरोखर वेगळी दारं जोडतो. कुणी ठरवून नाही, आतल्या आत, जोडणीच्या ठिकाणीच. आजीला हे सांगायला ती नाहीये, २०१६ मध्ये गेली. आईला फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे आत्याबाईंचा दोष नव्हता म्हण की." मी म्हटलं एवढं मोठं मला म्हणता येणार नाही आई, हे उंदीर आहेत आणि मी फक्त एक तुकडा मोजलाय. पण तिने तेच धरून ठेवलं आणि मीही पुढे काही बोलले नाही.

हिप्पोकॅम्पसचं अजून जमलेलं नाही, तिथे या रिसेप्टरची संख्याच थॅलॅमसपेक्षा कमी आणि तेवढ्या ठिपक्यांत वाइल्ड टाइपचा उजेड वरचढ होतो. बीटा-२ वर वेगळा रंग असलेले उंदीर येतायत, ते आले की दोन्ही तुकडे एकाच ठिपक्यात मोजता येतील, म्हणजे दोन अधिक तीन पाच होतात का ते थेट बघता येईल. मंगळवारी प्रेप आहे. कव्हरस्लिपा काल रात्री केओएचमध्ये टाकून आलेय, पेगची बाटली फ्रीजरमधून सकाळी सहाला काढायचीय आणि लॅबमेटने फाइलींच्या नावांची नवीन यादी आत्तापासूनच करून ठेवलीय.